नीळकंठशास्त्री गोरे यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’: श्रद्धा व तर्क यांचा वाद

नीळकंठशास्त्री गोरे यांच्या धर्मांतराविषयीं दोन समज रूढ आहेत. मिशनऱ्यांच्या युक्तिवादापुढें काशीच्या पंडिताची विद्या हरली, हा एक. आणि ख्रिस्ती झाल्यावर शास्त्रीबोवांनीं त्या विद्येस तिलांजलि दिली, हा दुसरा. त्यांचा धर्मांतरापूर्वीचा संस्कृत ग्रंथ समोर ठेवला असतां हे दोन्ही समज टिकत नाहींत, असें आमचें मत आहे. तें येथें सकारण मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम मूळ प्रश्न पाहूं. लौकिक पांडित्याहून ईश्वरविषयक ज्ञान श्रेष्ठ, हा सिद्धान्त ख्रिस्ती धर्मांत आरंभापासून आहे. क्रुसाची वार्ता जगांतील शहाण्यांस मूर्खपणाची वाटते, परंतु ईश्वरापुढें त्यांचेंच शहाणपण मूर्खपणा ठरतें, असा आशय पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत आहे. आपल्या वाचकांस येथें मुंडकोपनिषदांतील परा व अपरा विद्यांचा भेद आठवेल. तेथें चारी वेदही अपरा विद्येंतच गणिले आहेत. परंतु साम्य येथवरच. परा विद्येसाठीं जिज्ञासूनें समित्पाणि होऊन श्रोत्रिय व ब्रह्मनिष्ठ गुरूकडे जावयाचें असतें. पौलाच्या मतें तें ज्ञान ईश्वरानें आपण होऊन प्रकट केलेलें असून निरक्षरासही खुलें आहे. त्यास बुद्धीची तीक्ष्णता नव्हे, तर नम्रता लागते.

असें असतां १८३९ सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध झालेल्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाची मांडणी पाहून नवल वाटतें. त्याचे कर्ते कंपनी सरकारच्या मुलकी नोकरींतील जॉन म्यूर (१८१०–१८८२). खरा धर्म कोणता हें बुद्धीनें पारखून घ्यावें, असें सांगून त्यांनीं तीन कसोट्या दिल्या: धर्मसंस्थापकाच्या अंगीं अद्भुत कृत्यें करण्याचें सामर्थ्य, धर्मग्रंथाचें पावित्र्य, आणि त्या ग्रंथाची सर्व मानवजातीस लागू पडण्याची योग्यता. या ग्रंथास तीन संस्कृत उत्तरें निघालीं. पहिलें, सोमनाथ या नांवानें लिहिणारे सुबाजी बापू यांचें, १८३९ चें. दुसरें हरचंद्र तर्कपंचानन यांचें, १८४० चें. आणि तिसरें नीळकंठशास्त्र्यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, १८४४–४५ चा.

शास्त्रीबोवांचा जन्म १८२५ सालीं झांशीनजीक काशीपुरा येथें चित्पावन कुळांत झाला. अध्ययन काशीस झालें. ग्रंथ लिहिला तेव्हां त्यांचें वय सुमारें वीस वर्षांचें होतें. ग्रंथाचें मर्म असें: धर्माचें मूळ श्रद्धा होय, तर्क हा शास्त्राचा अनुचर असावा, न्यायाधीश नव्हे. शिवाय बुद्धीचाच कौल घ्यावयाचा, तर तो ख्रिस्ती मतालाही लावला पाहिजे. आणि मग पूर्वजन्म न मानतां निरपराध प्राण्यांच्या दुःखाचा उलगडा कसा करणार? अशा रीतीनें या वादांत विलक्षण उलटापालट झालेली दिसते. पौलाचा अनुयायी तर्काचा पक्ष घेतो, आणि श्रद्धेचा पक्ष न्यायशास्त्र पढलेला पंडित घेतो.

पुढें १४ मार्च १८४८ रोजीं जौनपूर येथें या पंडितानेंच बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या हें नांव धारण केलें. आमच्या मतें येथें बदलला तो प्रमाणग्रंथ. ज्ञानाची प्रतवारी बदलली नाहीं. विद्या तर त्यांनीं मुळींच टाकली नाहीं. १८६० चा त्यांचा हिंदी ‘षड्दर्शनदर्पण’ पाहावा. फिट्झएडवर्ड हॉल यांनीं १८६२ सालीं इंग्रजींत आणलेल्या या ग्रंथांत दर्शनांचें खंडन आहे, तें काशीस मिळविलेल्या शस्त्रांनींच. परंतु १८६७ सालीं ब्राह्मसमाजीयांस उद्देशून पत्र लिहितांना, ईश्वराच्या यथार्थ ज्ञानास मनुष्याची स्वतंत्र बुद्धि पुरत नाहीं, हीच बाजू त्यांनीं घेतली. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’चीच ही भूमिका, श्रुतीच्या जागीं बायबल आलें, इतकेंच. १८७० सालीं त्यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली. उत्तरायुष्यांत ते काउली येथील धर्मबंधूंच्या संघाशीं संबद्ध झाले व चर्चच्या परंपरागत अधिकारावर त्यांनीं अधिकाधिक भर दिला. तथापि शंकांनीं त्यांस जन्मभर सोडलें नाहीं. १८९५ सालीं मुंबईस त्यांचा अंत झाला.

ज्याच्यापाशीं विद्या नाहीं त्यानें तिला गौण म्हणण्यास कांहीं मोल पडत नाहीं. शास्त्रीबोवांस तें पडलें. ज्या तर्कास त्यांनीं खालचें आसन दिलें, तोच त्यांच्या मनांत अखेरपर्यंत प्रश्न विचारीत राहिला. आणि तरीही तें आसन त्यांनीं पुन्हा वर नेलें नाहीं. यास विद्येचा पराभव म्हणतां येत नाहीं. अवहेलना तर नाहींच नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ उज्जयिनीच्या सिंदिया प्राच्य संस्थेनें स. ल. कात्रे यांच्या संपादकत्वाखालीं छापला तो १९५१ सालीं, म्हणजे रचनेनंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं. कर्ता परधर्मांत गेला म्हणून एका पक्षास, व ग्रंथ आपल्याविरुद्ध म्हणून दुसऱ्या पक्षास, त्याची आस्था वाटण्याचें कारण नव्हतें. तो हातीं आला नसता, तर वरील दोन समज खोडून काढण्यास आधार उरला नसता. खंडनमंडनाच्या अशा पोथ्या ‘क्षुद्र वादग्रंथ’ म्हणून बाजूस टाकूं नयेत. मनुष्य कशाच्या बळावर विश्वास ठेवतो, याची साक्ष पुष्कळदां त्यांतच मिळते.