बलविद्येचा गुरु आणि त्याची परीक्षा

विद्या शिकविणाऱ्याची परीक्षा कोणीं घ्यावी व कशी घ्यावी, हा प्रश्न प्रत्येक विद्येच्या इतिहासांत केव्हां ना केव्हां उभा राहतोच. व्याकरण शिकविणाऱ्यास चार सूत्रें विचारतां येतात. गवयास तंबोरा देऊन समोर बसवितां येतें. परंतु जो दुसऱ्याच्या शरीरांत बळ उत्पन्न करण्याची विद्या सांगतो, त्याची पारख कशावरून करावी? त्याच्या स्वतःच्या दंडावरून, त्याच्या शिष्याच्या छातीवरून, त्याच्या उत्तरपत्रिकेवरून, कीं शिष्यासमोर उभा राहून तो काय पाहतो व काय बोलतो यावरून? या चारही कसोट्या निरनिराळ्या काळीं लावून पाहण्यांत आल्या आहेत. त्यांचा वृत्तांत मनोरंजक तर आहेच. शिवाय ज्यांचीं मुलें आज व्यायामशाळेंत खांद्यावर लोखंड घेऊन उभीं राहतात, त्या कुटुंबांच्या तो जिव्हाळ्याचाही आहे. म्हणून तो येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिली कसोटी सर्वांत जुनी आणि आपल्या ओळखीची. तालमींत वस्ताद कोण? ज्यानें तांबड्या मातींत नांव कमावलें, जोर-बैठका काढून ज्यानें देह घडविला, तो. त्यास दाखला मागण्याची कोणास गरज वाटली नाहीं. त्याचें शरीर हाच त्याचा दाखला. या पद्धतीचे गुण नाकारतां येत नाहींत. वस्ताद शिष्यास रोज पाहत असे, त्याची झोंप, त्याचा आहार, त्याचा स्वभाव जाणत असे, आणि आज याचा मेहनतीचा दिवस नव्हे हें तोंडावरून ओळखत असे. पण तिच्यांत एक दोष असा कीं, वस्तादास जें मानवलें तेंच सर्वांस मानवेल असें गृहीत धरलें जाई. ज्यांस तें मानवलें ते पैलवान झाले व तालमीचे भूषण ठरले. ज्यांस मानवलें नाहीं ते निमूटपणें घरीं बसले, आणि त्यांची मोजदाद कोणीच ठेवली नाहीं.

ही मोजदाद ठेवण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न इंग्लंडांत झाला. आर्चिबाल्ड मॅक्लारन या गृहस्थानें 1858 सालीं ऑक्सफर्ड येथें व्यायामशाळा उघडली. क्रिमियाच्या युद्धांत ब्रिटिश शिपायाच्या प्रकृतीची जी दुर्दशा दिसून आली, तिच्यामुळें लष्करी अधिकाऱ्यांचे डोळे उघडले होते. 1860 सालीं मेजर हॅमर्स्ले यांच्या हाताखालीं बारा सार्जंट मॅक्लारनकडे शिकावयास पाठविण्यांत आले. हे बारा जण स्वतः बलवान होऊन परतावेत एवढाच हेतु नव्हता. पुढें साऱ्या लष्करास त्यांनीं शिकवावें, हा खरा हेतु होता. मॅक्लारननें त्यांची उंची, वजन, छाती, दंड यांचीं मापें आरंभीं घेतलीं आणि पुढें ठराविक काळानें पुन्हा घेतलीं. ते निरनिराळ्या वयांचे व बांध्यांचे होते, तरी सर्वांचीं मापें वाढलीं. कांहीं महिन्यांतच कित्येकांस आपले लष्करी कोट दुसऱ्याच्या मदतीवांचून अंगांत घालतां येईनात, असें त्यानें 1869 च्या आपल्या ग्रंथांत मोठ्या कौतुकानें लिहून ठेवलें आहे.

येथें शिक्षकाची दुसरी कसोटी जन्मास आली: गुरूचा दंड पाहूं नका, शिष्याचा मोजा. हिचा कळस अमेरिकेंत झाला. डडली सार्जंट हा वैद्यकाची पदवी घेतलेला व्यायामज्ञ 1879 सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या हेमेन्वे व्यायामशाळेचा प्रमुख झाला. येणाऱ्या विद्यार्थ्याची तो वैद्यकीय तपासणी करी, फीत लावून अंगाचीं मापें घेई, पकड, पाठ व पाय यांचें बळ यंत्रावर अजमावी, आणि मग त्या त्या विद्यार्थ्याच्या उणिवेप्रमाणें व्यायाम लिहून देई. दुबळ्यांसाठीं त्यानें कप्प्या व दोऱ्या लावलेलीं अशीं यंत्रें बसविलीं कीं वजन अगदीं हलक्यापासून हळूहळू वाढवितां यावें. जागच्या जागीं उंच उडी मारून बळ अजमावण्याची जी चाचणी आजही जगभर चालते, ती 1921 सालीं त्यानेंच प्रसिद्ध केली व अद्याप ती त्याच्याच नांवानें ओळखली जाते. 1887 पासून हार्वर्ड येथें त्याचे उन्हाळी वर्ग भरूं लागले, आणि त्यांतून शिकलेले शिक्षक अमेरिकेंत ठिकठिकाणीं गेले.

याच विद्यापीठांत 1891 सालीं शरीररचना, शरीरक्रिया व व्यायाम यांचा चार वर्षांचा पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला, आणि जॉर्ज फिट्झ या वैद्यानें त्याच्यासाठीं प्रयोगशाळा उभारली. व्यायामाचा शिक्षक हा पदवीधर असावा, हा विचार त्या काळीं केवढा धाडसाचा होता, हें एवढ्यावरूनच समजेल कीं तो अभ्यासक्रम दहा वर्षेंही टिकला नाहीं. विद्या पुढें गेली, परंतु शिक्षकाचा मान मागें राहिला.

पुढचा अर्धशतकाचा काळ आम्ही ओलांडून जातों; एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांत जायबंदी झालेल्या सैनिकांच्या गुडघ्यांवर उपचार करतांना टॉमस डिलॉर्म या लष्करी डॉक्टरनें हलक्या व्यायामाऐवजीं जड वजनांचा क्रमाक्रमानें वाढता व्यायाम दिला आणि 1945 सालीं त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. दहा वेळां जेमतेम उचलतां येईल तें वजन मोजमापाचा पाया धरावें, आणि तें वजन शक्तीबरोबर वाढवीत जावें, हें त्याच्या रीतीचें सार. वजन उचलण्यानें अंग आंखडतें ही समजूत तेव्हां खेळांच्या शिक्षकांत सार्वत्रिक होती. तिला हा पहिला मोठा शास्त्रीय तडाखा बसला.

तरीही ती समजूत सहजासहजीं गेली नाहीं. 1969 सालीं नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रमुख बॉब डेव्हनी यांनीं बॉइड एप्ली या तरुणास खेळाडूंचें बळ वाढविण्याच्या कामावर नेमलें. एप्ली हा बांबूउडी मारणारा विद्यार्थी. पाठीच्या दुखापतीमुळें वजनांच्या खोलींत रमलेला. कोणी खेळाडू या व्यायामानें मंदावला तर तुझी नोकरी गेली, अशी तंबी त्यास मिळाली होती असें सांगतात. खेळाडू मंदावले नाहींत; 1970 व 1971 या दोन्ही वर्षीं नेब्रास्काचा संघ राष्ट्रीय विजेता ठरला. मग इतर विद्यापीठेंही असे शिक्षक नेमूं लागलीं, आणि 1978 सालीं एप्लीच्या पुढाकारानें या शिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचा सारा विषय आतां ‘स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग’ या नांवानें जगभर ओळखला जातो. बलसंवर्धन आणि अंगाची तयारी, असा त्याचा अर्थ करतां येईल.

धंदा उभा राहिला कीं परीक्षा येते. या संघटनेनें 1985 सालीं आपली पहिली प्रमाणपत्र-परीक्षा घेतली, आणि तिसरी कसोटी, म्हणजे उत्तरपत्रिका, प्रचारांत आली. उमेदवार कोणत्या तरी विषयाचा पदवीधर असावा, त्यास हृदयक्रिया बंद पडल्यास करावयाचा प्रथमोपचार येत असावा, आणि त्यानें शास्त्रीय व व्यावहारिक अशा दोन भागांच्या प्रश्नांस उत्तरें द्यावीं, अशी तिची घडण. हिनें दोन उपकार केले. स्वतःचें अंग कमावलें म्हणजे विद्या आली, हा भ्रम तिनें मोडला. आणि मोठा पैलवान नसलेल्या, पण अभ्यासू अशा स्त्री-पुरुषांस हा दरवाजा उघडा केला. परंतु दिलेल्या चार उत्तरांतून बरोबर तें निवडणारा माणूस, समोरच्या मुलाचे गुडघे वजनाखालीं आंत झुकत आहेत हें वेळेवर पाहील कीं नाहीं, हें कागद कसें सांगणार?

हीच अडचण वैद्यकास आधीं भेडसावली होती. 1975 सालीं स्कॉटलंडांतील डंडी येथें रोनाल्ड हार्डन यांनीं अशी परीक्षा बसविली कीं विद्यार्थ्यानें एका टेबलावरून दुसऱ्यावर जावें, प्रत्येक ठिकाणीं एक ठराविक काम प्रत्यक्ष करावें, आणि परीक्षकानें आधीं ठरविलेल्या यादीप्रमाणें गुण द्यावेत. पुढें 1990 सालीं जॉर्ज मिलर या अमेरिकन शिक्षणज्ञानें चार पायऱ्या सांगितल्या: माहीत असणें, कसें करावें हें माहीत असणें, करून दाखविणें, आणि रोजच्या कामांत खरोखर करीत असणें. उत्तरपत्रिका पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत पोंचते; त्यापुढें तिचे हात पोंचत नाहींत.

2004 सालीं ब्रिटनमध्यें स्थापन झालेल्या या धंद्याच्या संघटनेनें म्हणूनच आपल्या परीक्षेंत लेखी भागाबरोबर प्रात्यक्षिकास मोठें स्थान दिलें. उमेदवारानें वजन उचलण्याचे, उडीचे व धांवण्याचे प्रकार स्वतः करून दाखवावेत व दुसऱ्यास शिकवून दाखवावेत, आणि एखाद्या खेळाडूस दीर्घकाळ दिलेल्या व्यायामाचा सकारण वृत्तांत परीक्षकांपुढें मांडावा, अशी ती चौथी कसोटी. तिकडील विद्यापीठांतून या विषयाची एम्.एस्‌सी. करणाऱ्या पदवीधरांसही संघाबरोबर प्रत्यक्ष काम करावें लागतें. अशा वेळीं जाणता परीक्षक काय पाहतो? विद्यार्थी कोठें उभा राहतो. बाजूनें पाहतो कीं समोरूनच. एका वेळीं एकच सूचना देतो कीं दहा. चूक दिसतांच वजन उतरवितो कीं आणखी चढवितो. आणि विचारल्यावर, असें कां केलें, याचें कारण देतो कीं पुस्तकाचें नांव.

ही सर्व उठाठेव कशासाठीं, असें कोणी म्हणेल. त्यास दोन उदाहरणें पुरेत. 2011 च्या जानेवारींत आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघास तीन आठवड्यांच्या सुटीनंतर जड बैठकांचा अतिरेकी व्यायाम देण्यांत आला: प्रत्येकाच्या कमाल शक्तीच्या निम्म्या वजनानें शंभर बैठका, घड्याळ लावून. स्नायूंचे तंतु तुटून त्यांतील द्रव्यें रक्तांत उतरलीं, आणि तेरा खेळाडू रुग्णालयांत गेले. 2018 च्या मे महिन्यांत मेरिलंड विद्यापीठाचा एकोणीस वर्षांचा खेळाडू संघाच्या धांवण्याच्या सरावांत उष्माघातानें कोसळला. थंड पाण्यांत बुडविण्याचा उपचार झाला नाहीं, मदतीस विलंब झाला, आणि पंधरवड्यानें तो गेला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनीं नैतिक व कायदेशीर जबाबदारी पत्करली. परंतु आईबापांचा मुलगा परत आला नाहीं. अडाणी गांवांतल्या नव्हेत, श्रीमंत विद्यापीठांतल्या या गोष्टी आहेत. थकवा केव्हां संपतो व संकट केव्हां सुरू होतें, हें ओळखणारा आणि त्या क्षणीं थांबविण्याचें धैर्य असणारा शिक्षक, हीच येथें खरी उणीव होती.

आपल्याकडे शिक्षक घडविण्याची परंपरा नाहीं असें नव्हे. 1914 सालीं अमरावतीस वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम मंडळ स्थापिलें. 1920 सालीं हॅरी बक यांनीं मद्रासेस व्यायामशिक्षकांचें विद्यालय काढलें. 1938 सालीं मुंबई सरकारनें कांदिवलीस अशा शिक्षणाची संस्था उघडली. 1957 सालीं ग्वाल्हेरीस राणी लक्ष्मीबाईंच्या नांवानें महाविद्यालय निघालें. आणि 1961 पासून पतियाळा येथें खेळांचे शिक्षक तयार होत आहेत. परंतु गल्लोगल्लीं निघालेल्या व्यायामशाळांत मुलाच्या खांद्यावर वजन ठेवणारा माणूस कोणत्या कसोटीस उतरला आहे, हें आपण विचारतों का? बहुधा त्याचा दंड पाहतों, फार तर भिंतीवरचें प्रमाणपत्र पाहतों. म्हणजे पहिल्या व तिसऱ्या कसोटीवरच आपण थांबलों आहों.

आमच्या मतें या चार कसोट्या एकमेकींच्या वैरिणी नव्हेत. शिक्षकानें स्वतः घाम गाळलेला असावा, म्हणजे वजनाचा धाक त्यास कळेल. त्यास शास्त्र यावें, म्हणजे तो स्वतःचा अनुभव सर्वांवर लादणार नाहीं. त्यानें मोजमाप ठेवावें, म्हणजे सोडून गेलेल्यांचीही नोंद राहील. आणि जाणत्या माणसानें त्यास शिकवितांना पाहिलेलें असावें. जुना वस्ताद शिष्याच्या तोंडाकडे पाहत असे, हा त्याचा सर्वांत मोठा गुण होता. दीडशें वर्षें फीत, यंत्र व उत्तरपत्रिका यांच्यांतून फिरून परीक्षक अखेर त्याच गुणाशीं येऊन पोंचले आहेत. फरक इतकाच कीं, तो गुण दैवानें लाभावा म्हणून वाट न पाहतां तो शिकवितां व तपासतां येतो, हें आतां सिद्ध झालें आहे. पालकांनीं पुढल्या खेपेस व्यायामशाळेंत फी भरतांना दंडाकडे न पाहतां त्या माणसाची नजर कोठें आहे एवढें पाहावें.