विमानतळावर डोझर-ग्रेडर चालवायचंय? दीपनगर परिसरातल्या ऑपरेटरांसाठी कामाची माहिती

दीपनगर (ता. भुसावळ) : औष्णिक वीज केंद्रामुळे दीपनगर, फेकरी, निंभोरा, वेल्हाळे या पट्ट्यात अवजड यंत्रं चालवणारे हात भरपूर आहेत. कोळसा यार्डात डोझर, राखेच्या बंधाऱ्यावर पोकलेन आणि हायवा, शेतात जेसीबी. हेच हात विमानतळाच्या कामावरही लागतात. पण तिथं नुसता हात चांगला असून भागत नाही. विमानतळावरचं काम नेमकं कसं असतं आणि त्यासाठी काय लागतं, याची ही माहिती.

काम कुठं असतं?

आपल्या जवळचं विमानतळ जळगावचं. तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते २०१२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. धावपट्टी सुमारे १७०० मीटर. धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे. मोठं काम पाहायचं तर नवी मुंबई विमानतळाचं उदाहरण घ्या. तिथं उलव्याची टेकडी फोडून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि दलदलीत भराव टाकला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या विमानतळाचं उद्घाटन झालं.

दुसरी वाट सीमा रस्ते संघटनेची, म्हणजे बीआरओची. लडाखमध्ये न्योमा इथं सुमारे १३,७०० फुटांवरची धावपट्टी याच संघटनेने बांधली. बीआरओत 'ऑपरेटर एक्स्कॅव्हेटिंग मशिनरी' नावाचं पद असतं. दहावी, अवजड वाहनाचा परवाना आणि यंत्र चालवल्याचा अनुभव मागतात. भरतीचं केंद्र पुण्यात दिघी कॅम्पला आहे. अटी दर जाहिरातीत नीट वाचून घ्याव्यात.

बांधकामातलं काम

आधी डोझर आणि पोकलेन झाडोरा व वरची माती काढतात. आपल्या खानदेशातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. धावपट्टीखाली ती तशीच राहिली तर वरचा थर तडकतो. म्हणून ती काढून मुरूम भरतात किंवा चुना मिसळून तिची सुधारणा करतात.

मग थरावर थर. ग्रेडर माती पसरतो, टँकर पाणी मारतो, रोलर दाबतो. पाणी कमी पडलं तर थर दबत नाही, जास्त झालं तर रोलरखाली हलतो. प्रत्येक थराची घनता तपासल्याशिवाय पुढचा थर टाकू देत नाहीत. कोळसा यार्डात डोझर चालवलेल्याला दाबाईचं महत्त्व वेगळं सांगायला नको. ढीग सैल राहिला की आत हवा शिरते आणि कोळसा आपोआप पेट घेतो.

फरक आहे तो अचूकतेचा. धावपट्टीच्या पक्क्या थरावर ३ मीटरची सरळ पट्टी कुठंही, कोणत्याही दिशेने ठेवली तरी खाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मोठ्या धावपट्टीला आडवा उतारही साधारण दीड टक्क्यापर्यंतच, म्हणजे १० मीटरला १५ सेंटिमीटर. खालचा थर ग्रेडरवाल्याने नीट काढला नाही तर वरचा पेव्हरवाला तो झाकू शकत नाही.

चालू विमानतळावरचं काम

विमानं सुरू असताना धावपट्टीच्या कडेचं गवत कापणं, चर साफ करणं, कडेची माती समतल करणं ही कामं असतात. इथले काही नियम रस्त्याच्या साईटवर कोणी सांगत नाही :

- साखळीचं यंत्र डांबरी पृष्ठभागावरून चालवायचं नाही. लो-बेड ट्रेलरवरूनच न्यायचं.
- टायरला चिकटलेली माती, गिट्टी साफ केल्याशिवाय धावपट्टी ओलांडायची नाही. सुटलेला नट किंवा खडा इंजिनात ओढला जाऊ शकतो.
- परवानगीशिवाय खोदायचं नाही. खाली दिव्यांच्या केबल असतात.
- काम थांबलं की बूम खाली. यंत्र ठरवून दिलेल्या जागीच उभं करायचं.
- यंत्रावर पिवळा फिरता दिवा हवा. दिवसा चौकडीचा झेंडाही चालतो.

वायरलेसवर टॉवरशी बोलणारा माणूस सहसा सोबत असतो. मिळालेली सूचना शब्दशः परत म्हणून दाखवायची. नुसतं 'हो साहेब' चालत नाही. वायरलेस बंद पडला तर टॉवर दिव्याने खूण करतो. या चार खुणा पाठच हव्यात :

- उघडझाप हिरवा : ओलांडायला किंवा टॅक्सी-वेवर जायला परवानगी
- स्थिर लाल : थांबा
- उघडझाप लाल : लगेच बाजूला व्हा, विमानाकडे लक्ष ठेवा
- उघडझाप पांढरा : स्थानिक सूचनेप्रमाणे परिसर सोडा

इतकं कडक कशासाठी?

३१ ऑक्टोबर २००० च्या रात्री तैवानमधील तैपेई इथं वादळी पावसात सिंगापूर एअरलाइन्सचं बोईंग ७४७ चुकून दुरुस्तीसाठी बंद असलेल्या धावपट्टीवर गेलं. तिथं पोकलेन, रोलर आणि काँक्रीटचे अडथळे उभे होते. विमान त्यांवर आदळलं आणि ८३ जण गेले. चूक मार्ग ओळखण्यात झाली होती, ऑपरेटरची नव्हती. पण धावपट्टीच्या तोंडाशी ती बंद असल्याची खूण आणि अडथळा नव्हता, हेही चौकशीत नोंदलं गेलं.

२० ऑक्टोबर २०१४ ला मॉस्कोच्या व्नुकोवो विमानतळावर रात्री बर्फ हटवणारं यंत्र ताफ्यापासून भरकटून धावपट्टीवर आलं. उड्डाण घेणारं छोटं विमान त्याला धडकलं आणि विमानातले चौघे ठार झाले. यंत्र चालवणारा वाचला.

रस्त्याच्या साईटवर डोझर चार पावलं चुकला तर ठेकेदार ओरडतो. इथं तीच चार पावलं विमानातल्या माणसांच्या जिवावर बेततात. आपण कुठं उभे आहोत हे कळेनासं झालं तर अंदाजाने पुढं जायचं नाही. थांबायचं आणि विचारायचं. धावपट्टीवरच आहोत अशी शंका आली तर तसं सांगून सूचना मिळेल तसं तिथून निघायचं. विचारल्याने कमीपणा येत नाही.

कागदपत्रं

चालू विमानतळात शिरायला विमानतळ प्रवेश पास लागतो. तो नागरी विमान सुरक्षा ब्युरोच्या नियमांनुसार मिळतो. पोलिस पडताळणी होते. आधार, परवाना आणि शाळेच्या दाखल्यावर नाव एकसारखं असावं. स्पेलिंगचा फरक निघाला तर काम अडतं. विमानं फिरतात त्या भागात गाडी चालवायला साधा परवाना पुरत नाही. विमानतळ प्रशासन प्रशिक्षण आणि परीक्षा घेऊन वेगळा परवाना देतं.

डोझर, एक्स्कॅव्हेटर, बॅकहो यांसाठी इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलची प्रमाणपत्रं आहेत. आपल्याकडे बरीच पोरं हेल्परचं काम करता करता यंत्र शिकतात. हात तयार असतो, पण हातात कागद नसतो. असा अनुभव तपासूनही प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे.

कामाला जाण्याआधी

ठेकेदाराकडून नेमणूक पत्र, पीएफ क्रमांक, पाळीचे तास आणि राहण्याची सोय लिहून घ्या. धावपट्टीचं काम बऱ्याचदा रात्रीच चालतं, कारण विमानं नसतात ती वेळ तीच. झोप झाली नसेल तर यंत्रावर चढू नका. बांधकामावर वर्षात किमान ९० दिवस काम झालेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. त्यासाठी ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून साईट सोडण्याआधीच घ्यावा. नंतर तो फोन उचलेलच असं नाही.