महासंगणकाचे पाणी आणि घरचा संगणक

घरच्या संगणकाच्या शीतनासाठी बंदिस्त तयार जलसंच घ्यावा, की पंप-नळ्या स्वतः जोडाव्यात? या प्रश्नाकडे भारतीय महासंगणकांच्या इतिहासातून पाहणे उद्बोधक ठरते.

१९८९ मध्ये हवामान-अंदाजासाठी दिल्लीत आलेला अमेरिकी 'क्रे एक्स-एमपी' फ्रीऑनवर थंड होई. यंत्राबरोबर त्याचे शीतनही आयातच. २०१९ मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म' उभा राहिला, तो मात्र थेट द्रवशीतनाचा, म्हणजे पाण्यावर थंड होणारा. तितक्याच तापमानवाढीत एक लिटर पाणी एक लिटर हवेच्या सुमारे साडेतीन हजारपट उष्णता सामावते!

पण तांब्याची पट्टी आणि अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात आले, की अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. संस्थेत पाण्यावर लक्ष ठेवायला अभियंते असतात. घरी ते काम आपलेच. ज्याची तेवढी तयारी नाही, त्याने बंदिस्त संचच घ्यावा.