दुधाच्या दातांतली आई

आजचा प्रश्न साधा आहे. जिथे लिहिणारं कुणी नव्हतं, तिथे आईचा इतिहास शोधायचा कुठे?

सुमेरमध्ये तो मातीच्या पाट्यांवर सापडतो. इ.स.पू. 2400 च्या सुमारास गिरसू शहरात राणीच्या कारभारातून विणकर बायकांना दरमहा जव मिळायचं. कारकुनांनी आईबरोबर तिच्या मुलांचाही वाटा नोंदवलाय. आजच्या भाषेत सांगायचं, तर आई मस्टरवर आहे.

आता आपल्या नंदुरबारकडे येऊ. शहादा तालुक्यातलं प्रकाशे, तापी-गोमाईचा संगम. 1954-55 मध्ये बी. के. थापर यांनी इथलं पांढरीचं टेकाड खणलं. तळाशी ताम्रपाषाण युगातली वस्ती निघाली, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. रंगवलेली मडकी मिळाली, दगडी पाती मिळाली. आईचं नाव नाही, कारण लिपीच नव्हती.

प्रकाशाला जी जोर्वे पद्धतीची मडकी मिळाली, तीच वापरणाऱ्या लोकांचं मोठं गाव म्हणजे पुणे जिल्ह्यातलं इनामगाव. डेक्कन कॉलेजने 1968 पासून तिथे अनेक हंगाम खोदकाम केलं. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं निघाली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत लेकरू. एका घरात जमिनीखाली झाकणाची मातीची पेटी मिळाली, तिच्यात बिनडोक्याची स्त्रीमूर्ती. अभ्यासक तिला मातृदेवी म्हणतात.

देवीबद्दल आपण खूप बोलतो. मला मात्र त्या लेकरांचे दात जास्त बोलके वाटतात. दुधाच्या दातांवरचं कवच आईच्या पोटात बनायला लागतं आणि जन्मानंतर पहिल्या वर्षभरात पुरं होतं. त्या काळात उपासमार किंवा आजारपण आलं, तर कवचात खोट राहते. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांना इनामगावच्या मुलांच्या दातांत अशा खुणा दिसल्या. म्हणजे बाळंतपणाच्या आगेमागे त्या घरात काय हाल होते, त्याची नोंद बाळाच्या तोंडात राहिली. सुमेरच्या कारकुनाने जव मोजलं. इथे जे कमी पडलं, ते दातांनी मोजलं.

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या कुपोषणाच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात ऐकतो. तिथे आज बाळाचं वजन होतं, आईचं नावही रजिस्टरमध्ये असतं. म्हणून मला वाटतं, साडेतीन हजार वर्षांत नोंद करायला आपण शिकलो. पण नोंद म्हणजे जेवण नव्हे.

पुढच्या भागात प्रकाशाची मडकी जरा जवळून बघू. तोवर, रामराम.