तारापूर होण्याआधी विचारलेला प्रश्न

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात जमीन हादरू लागली. धुंदलवाडीच्या आसपासची आदिवासी कुटुंबे थंडीत घराबाहेर झोपत होती. त्या दिवसांत एका जुम्याला नमाजनंतर बोईसरच्या आमच्या मशिदीबाहेर हीच चर्चा चालली होती. चपला शोधता शोधता एका तरुणाने विचारले, "चाचा, आपला प्लांट किती हादरा सोसेल?" चाचा आयुष्यभर बोईसर-चिंचणी रिक्षा चालवत आले. ते म्हणाले, "बेटा, चाळीस वर्षं प्लांटचे पॅसेंजर नेतोय. गेटच्या आत काय चालतं, हे मी कुणाला विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलं नाही."

सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. प्रकल्प सुरक्षित आहे, असे अधिकृतपणे सांगितले जाते आणि ते खरेही असेल. माझा मुद्दा वेगळा आहे. हे तपासून पाहण्याचा अधिकार कुणाला आहे? आपण विचारले नाही, हे कबूल. पण आपल्या वतीने कधी कुणी विचारले होते का? याचा शोध घेत मी ६ एप्रिल १९४८ या तारखेपर्यंत पोहोचलो.

स्वातंत्र्य मिळून आठच महिने झाले होते. गांधीजींची हत्या होऊन अवघे दोन महिने. संविधान सभा तेव्हा दोन कामे करत होती. एकीकडे घटना लिहिणे आणि दुसरीकडे संसद म्हणून रोजचे कायदे करणे. कायदे करणाऱ्या सभागृहाचे सभापती ग. वा. मावळंकर होते. त्या दिवशी पंतप्रधान नेहरूंनी तिथे अणुऊर्जा विधेयक मांडले. अणुसंशोधन, त्यासाठी लागणारी खनिजे आणि त्याविषयीची माहिती सरकारच्या ताब्यात ठेवणारा हा कायदा होता. हिरोशिमाला तीन वर्षेही झाली नव्हती. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम आहे, हे जगाला कळले होते. सभागृहात विधेयकाला पाठिंबा होता आणि ते मंजूर होणार हेही स्पष्ट होते.

अशा वेळी म्हैसूरचे एक सदस्य उभे राहिले. एस. व्ही. कृष्णमूर्ती राव. हे विरोधी पक्षाचे नव्हते आणि अणुऊर्जेच्या विरोधातही नव्हते. त्यांनी फक्त इतर देशांचे कायदे वाचले होते. ब्रिटनचा आणि अमेरिकेचा, दोन्ही कायदे १९४६चे. राव यांनी सभागृहाच्या लक्षात आणून दिले की, ब्रिटनच्या कायद्यात गुप्ततेची सक्ती संरक्षणाशी संबंधित कामापुरती आहे. मग आपल्याकडे शांततेच्या कामासाठी होणाऱ्या संशोधनावरही ती का लादायची? अमेरिकेच्या कायद्यात देखरेखीची आणि अंकुशाची जी व्यवस्था आहे, ती आपल्या विधेयकात दिसत नाही, हेही त्यांनी दाखवून दिले.

नेहरूंनी उत्तर टाळले नाही, हे नोंदवले पाहिजे. गुप्ततेची दोन कारणे त्यांनी दिली. एक, आपल्या संशोधनाचा फायदा आपल्याआधी दुसरेच उठवतील. दोन, जे देश आपल्याला मदत करायला तयार आहेत, ते संशोधन उघड होणार असेल तर मदत करणार नाहीत. आणि मूळ प्रश्नावर त्यांनी कबुली दिली, की शांततेचा अणू आणि संरक्षणाचा अणू यांत फरक कसा करायचा, हे आपल्याला सांगता येत नाही. विधेयक मंजूर झाले. ऑगस्ट १९४८ मध्ये डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला.

पुढचा इतिहास आपल्या गावातून जातो.

१९६२ मध्ये १९४८च्या कायद्याची जागा नव्या अणुऊर्जा कायद्याने घेतली. त्याचे कलम १८ माहिती उघड करण्यावर निर्बंध घालणारे होते. योगायोग असा की, त्या वर्षी कृष्णमूर्ती राव लोकसभेचे उपाध्यक्ष होते. त्याआधी दहा वर्षे ते राज्यसभेचे उपसभापती होते. संसदेत त्यांची उंची वाढत गेली, पण त्यांचा प्रश्न १९४८ मध्ये होता तिथेच राहिला.

ऑगस्ट १९६३ मध्ये भारत-अमेरिका करार झाला. चिंचणीच्या खाडीपलीकडे, समुद्राला लागून दोन अणुभट्ट्या उभ्या राहिल्या आणि ऑक्टोबर १९६९ पासून तारापूरची वीज व्यापारी पातळीवर मिळू लागली. मे १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला. त्याचे प्लुटोनियम शांततेच्या कामासाठी कॅनडाच्या मदतीने उभारलेल्या अणुभट्टीतले होते. म्हणजे फरक करता येत नाही, हे नेहरूंचे म्हणणे विज्ञानाच्या अंगाने खरे ठरले. त्याची किंमत मात्र तारापूरने मोजली. अमेरिकेने इंधनावर अटी घालायला सुरुवात केली.

सप्टेंबर १९८० मध्ये तर तारापूरच्या युरेनियमवर अमेरिकेच्या संसदेत मतदान झाले. प्रतिनिधीगृहाने २९८ विरुद्ध ९८ मतांनी ते पाठवण्यास नकार दिला. सेनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६, म्हणजे फक्त दोन मतांच्या फरकाने, तो नकार फेटाळला गेला आणि इंधन सुटले. पालघर तालुक्यातल्या एका गावाच्या नावावर वॉशिंग्टनमध्ये उघड वादविवाद झाला, मतांची मोजणी झाली आणि कुणी कुणाच्या बाजूने मत दिले, याची नोंदही राहिली. परक्या देशाचे खासदार तारापूरविषयी जितक्या मोकळेपणाने बोलू शकले, तितकी माहिती तारापूरच्या मच्छीमाराला मागता येत नव्हती.

या माहितीसाठी नागरिक कोर्टातही गेले. अणुऊर्जा नियामक मंडळाने १९९५ मध्ये देशातल्या अणुप्रकल्पांच्या सुरक्षेविषयी एक अहवाल तयार केला. त्यात शंभराहून अधिक मुद्दे नोंदवलेले होते, असे मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. ए. गोपालकृष्णन यांनी पद सोडल्यानंतर जाहीरपणे सांगितले. हा अहवाल मिळावा म्हणून पीयूसीएल आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ मुंबई उच्च न्यायालयात गेले, तिथे हरले. जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कलम १८ वैध ठरवले आणि अहवाल गुप्त ठेवण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. हा अहवाल बॉम्बबद्दल नव्हता, वीज बनवणाऱ्या प्रकल्पांसह अणुसंस्थांच्या सुरक्षेबद्दल होता. राव यांनी १९४८ मध्ये नेमकी हीच भीती व्यक्त केली होती. नंतरच्या दोन वर्षांत तारापूरचे तिसरे आणि चौथे युनिट सुरू झाले. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावे उठली.

देखरेखीचा मुद्दाही असाच परत आला. २०१२ मध्ये कॅगने आपल्या अहवालात म्हटले की, नियामक मंडळाचा कायदेशीर दर्जा सरकारच्या हाताखालच्या संस्थेचाच आहे. स्वतंत्र नियामकासाठी २०११ मध्ये लोकसभेत आलेले विधेयक २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळले. एका सदस्याने काही मिनिटांत दाखवलेली उणीव ६४ वर्षांनी सरकारी लेखापरीक्षकाने पुन्हा लिहून काढली.

आता मी हे सगळे इथे का लिहितोय? आपल्या समाजात निवडणुकीनंतर एक हिशोब हमखास होतो, आपले किती निवडून आले. तो हिशोब चुकीचा नाही. २००४ मध्ये कुलाब्यातून बॅरिस्टर अंतुले गेले, त्यानंतर महाराष्ट्रातून लोकसभेवर मुस्लिम खासदार जायला २०१९ उजाडले आणि २०२४ मध्ये पुन्हा आकडा शून्यावर आला. हे दुखणे खरे आहे, त्यावर बोललेच पाहिजे.

पण आपल्या पालघरचे पाहा. हा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, आणि वारली, कोकणा, मल्हार कोळी यांच्या या जिल्ह्यात तो तसाच असायला हवा. म्हणजे इथल्या मुसलमानाचा खासदार त्याच्या बिरादरीचा असणार नाही. मग आपण त्याच्याकडून काय मागतो? कब्रस्तानची भिंत, शादीखान्याला निधी, ईदच्या दिवशी हजेरी. मागतो, मिळते, फोटो निघतो. त्याने लोकसभेत तारापूरबद्दल काय विचारले, हे आपण कधी विचारत नाही.

कृष्णमूर्ती राव ना आपल्या प्रांताचे, ना आपल्या भाषेचे, ना मजहबचे. त्यांनी तारापूरचे नाव तेव्हा ऐकले असण्याचेही कारण नाही. तरी या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाच्या बाजूचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, मी वाचलेल्यांपैकी, त्यांनी विचारला. त्यासाठी त्यांना ना बहुमत लागले, ना मंत्रिपद. त्यांनी विधेयक वाचले, दुसऱ्या देशांच्या कायद्यांशी ताडून पाहिले आणि पंतप्रधानांसमोर उभे राहून विचारले. प्रश्न हरला, पण सभागृहाच्या नोंदीत राहिला. म्हणून सत्तर वर्षांनी बोईसरच्या एका माणसाला तो सापडला.

खासदारांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. पुढच्या वेळी उमेदवार मोहल्ल्यात येईल तेव्हा त्याला चहा जरूर पाजा. भिंतीचेही बोला. आणि मग विचारा, साहेब, निवडून गेलात तर प्लांटबद्दल कोणता प्रश्न टाकणार? चाचांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "लिहून दे कागदावर. माझ्या रिक्षात बसला तर मीच विचारतो."

मी कागद लिहून दिला आहे.