अस्सल काऊबॉय हॅट: नमदा, कारखाना आणि वाफ

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत फिरणारा प्रवासी ‘अस्सल’ काऊबॉय हॅट शोधू लागतो, तेव्हा ही टोपी कुरणावर, गुराख्यांच्या तळावर जन्मली असावी आणि म्हणून ती तिथल्याच एखाद्या जुन्या कारागिराकडे मिळावी, असे तो गृहीत धरतो. इतिहास मात्र या समजुतीला फारसा आधार देत नाही. ही टोपी पूर्व किनाऱ्यावरच्या एका औद्योगिक शहरात, न्यू जर्सीहून आलेल्या एका टोपीवाल्याच्या मुलाने घडवली, टपालाने पश्चिमेकडे पाठवली, आणि तिला आज ओळखू येणारा आकार ती घालणाऱ्यांनी नंतर दिला. अस्सलपणाचा विचार करताना जागेपेक्षा माल आणि हातकाम यांकडे पाहावे लागते, ते या कारणाने.

जॉन बॅटरसन स्टेट्सन याचा जन्म १८३० मध्ये न्यू जर्सीतील ऑरेंज येथे झाला. वडील टोप्या बनवत, आणि त्याने हा धंदा लहानपणीच त्यांच्याकडून उचलला. क्षयाने प्रकृती ढासळल्यावर तो हवापालटासाठी पश्चिमेकडे गेला. मिसूरी राज्यातील सेंट जोसेफ येथे विटांच्या भट्टीवर त्याने काम केले, पण मिसूरी नदीच्या पुराने ती भट्टी वाहून नेली. पुढे कोलोरॅडोतील पाइक्स पीकच्या परिसरात सोने शोधणाऱ्यांबरोबर असताना उन्हापावसापासून बचाव करणारी रुंद काठाची टोपी त्याने जनावरांच्या लवेपासून स्वतः तयार केली, असे सांगितले जाते. या कथेला मागाहून जाहिरातीचा थोडाफार मुलामा चढला असणारच. परंतु त्याला फेल्ट, म्हणजे खोगिराखाली घालतात तशा नमद्याचे तलम रूप, हाताने बनवता येत होते आणि पश्चिमेकडील हवा त्याने स्वतः सोसली होती, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १८६५ मध्ये, सुमारे १०० डॉलरच्या भांडवलावर, त्याने फिलाडेल्फियात दुकान थाटले. तेथे तयार झालेल्या ‘बॉस ऑफ द प्लेन्स’ या नमुन्याचा एकेक नग त्याने नैऋत्येकडील व्यापाऱ्यांना पाठवला आणि सोबतच्या पत्रात डझनभराची मागणी नोंदवण्याची विनंती केली. मागण्या आल्या, आणि एका दुकानाचा कारखाना झाला. १९०६ मध्ये स्टेट्सन मरण पावला, तोवर त्या कारखान्यात सुमारे ३,५०० कामगार होते आणि वर्षाला २० लाखांच्या आसपास टोप्या तयार होत होत्या.

मूळ ‘बॉस ऑफ द प्लेन्स’ आजच्या प्रवाशाने पाहिली तर त्याला ती बहुधा काऊबॉय हॅट वाटणारच नाही. तिचा क्राऊन, म्हणजे डोक्यावर बसणारा उंच भाग, गोल आणि सपाटसर होता. त्यावर खळगा नव्हता, चिमटा नव्हता. ब्रिम, म्हणजे भोवतालचा काठ, चहूकडे सरळ होता. मेक्सिकोतील व्हाकेरो, म्हणजे घोड्यावरून गुरे हाकणारे लोक, अशा रुंद काठाच्या टोप्या कितीतरी आधीपासून वापरत होते, आणि टेक्सासच्या गुराख्यांनी आपल्या कामाची बरीचशी साधने जशी त्यांच्याकडून घेतली, तशीच डोक्यावरची सावलीही घेतली. पुढे टोपी उचलताना बोटांचा दाब पडून क्राऊनच्या पुढच्या बाजूस दोन चिमटे पडले, मधोमध लांबट खळगा आला, आणि वाऱ्याला व दोरीच्या फासाला अडथळा होऊ नये म्हणून काठ दोन्ही बाजूंनी वर वळला. एकेका प्रदेशाची, कधी एकेका कुरणाची, खळगा पाडण्याची रीत वेगळी असे. पुढे कारखान्यांनी हेच आकार साच्यात आधीच घालून विकायला सुरुवात केली. ग्राहकाने केलेला बदल मालकाने नमुना म्हणून उचलल्याचे याहून सरळ उदाहरण पोशाखाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

त्या काळी सगळा पश्चिम याच टोपीखाली वावरत होता, असेही समजू नये. २०व्या शतकाच्या मध्यास ल्युशियस बीबी या लेखकाने असे मांडले की पश्चिम जिंकणारी खरी टोपी म्हणजे इंग्लंडहून आलेली कडक, गोल बोलर हॅट. हे मत काहीसे ताणलेले असले तरी त्याला चित्रांचा पुरावा आहे: बुच कॅसिडी आणि त्याचे चार साथीदार यांनी १९०० मध्ये फोर्ट वर्थ येथे काढून घेतलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात पाचही दरोडेखोरांच्या डोक्यावर बोलर आहे. रुंद काठाच्या टोपीला गुराख्याची निशाणी बनवण्याचे काम १८८३ मध्ये सुरू झालेल्या बफेलो बिल कोडीच्या खेळांनी आणि त्यामागून आलेल्या मूकपटांनी केले. ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांनीही तिचा प्रसार केला. कॅनडातील घोडेस्वार पोलिसांनी ती स्वीकारली, आणि बोअर युद्धाच्या सुमारास बेडन-पॉवेल या सेनाधिकाऱ्याने दक्षिण आफ्रिकेतील आपल्या पोलीस दलासाठी तीच निवडली. तिचा कडक काठाचा प्रकार पुढे बालवीरांच्या, म्हणजे स्काऊटांच्या, गणवेशातून जगभर गेला.

टोपीची प्रत तिच्या नमद्यावर ठरते, आणि नमद्याची प्रत लवेवर. बीव्हर हा पाण्याकाठी राहणारा, झाडे कुरतडून बांध घालणारा प्राणी. त्याच्या राठ केसांखाली दाट, मऊ लव असते. या लवेच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात आणि ओल, उष्णता व दाब मिळाला की ते एकमेकांत असे अडकतात की विणकामाशिवाय घट्ट, पाणी न शिरणारे कापड तयार होते. युरोपातील श्रीमंतांच्या टोप्यांसाठी दोनशेहून अधिक वर्षे ही कातडी उत्तर अमेरिकेतून जात राहिली. १६७० मध्ये स्थापन झालेली हडसन्स बे कंपनी याच व्यापारावर उभी राहिली. १८३०नंतर रेशमी टोपीची चाल आली आणि बीव्हरची मागणी कोसळली. स्टेट्सनने बीव्हरचा नमदा पुन्हा वापरात आणला तेव्हा शहरी डोक्यांवरून तो उतरून गेलेला होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

कारखान्यात साफ केलेली लव छिद्रे पाडलेल्या तांब्याच्या मोठ्या शंकूवर हवेच्या ओढीने चिकटवली जाई आणि तिच्यावर गरम पाण्याचा फवारा मारून तिचे सैल, पातळ शंकूसारखे कवच उतरवले जाई. हे कवच तयार टोपीच्या कितीतरी पट मोठे असे. ऊन पाण्यात पुन्हा पुन्हा मळून, दाबून, लाटून ते आटवले जाई आणि आटता आटता घट्ट होई. मग ते लाकडी ठोकळ्यावर चढवून क्राऊन काढायचा, लाखेने ताठपणा आणायचा, बारीक घासकागदाने पृष्ठभाग रेशमासारखा होईपर्यंत घासायचा, आणि शेवटी आत कपाळाला लागणारी चामड्याची पट्टी शिवायची. ही पट्टी जिथे जुळते तिथे मागच्या बाजूस एक लहानशी फीत बांधलेली असते. टोपी उलटी घालणारा नवखा प्रवासी त्या फितीकडे पाहील तर फसणार नाही.

या धंद्याला एक काळी बाजूही होती. सशासारख्या कमी प्रतीच्या लवेचे तंतू एकमेकांत नीट गुंतावेत म्हणून कातड्यांना पाऱ्याच्या नायट्रेटचा हात देत. त्यातून उठणाऱ्या वाफा श्वासात घेणाऱ्या कामगारांना हातपायांचा थरकाप, चिडचिड आणि विलक्षण बुजरेपणा जडे. टोप्यांचे शहर म्हणून नावाजलेल्या कनेक्टिकटमधील डॅनबरीत या थरकापाला गावाचेच नाव पडले होते. नमद्याच्या धंद्यातील पाऱ्याचा हा वापर अमेरिकेत थांबला तो १९४१ मध्ये. फ्रान्सला हे दुखणे त्याच्या शंभर वर्षे आधीपासून ठाऊक होते, तरीही उपायाला इतका काळ लागला, याचा दोष अज्ञानावर ढकलता येत नाही.

प्रत ओळखण्यासाठी आतल्या पट्टीवर ‘एक्स’ उमटवण्याची पद्धत कारखान्यांनीच पाडली. जितके एक्स अधिक, तितका बीव्हरचा वाटा अधिक, असा तिचा ढोबळ अर्थ होता, आणि एके काळी १० एक्स म्हणजे निखळ बीव्हर असे धंद्यात मानले जाई. पण हे चिन्ह कोणत्याही सरकारी मापाला बांधलेले नव्हते. प्रत्येक कंपनी आपापल्या पट्टीने ते लावी. १९८० मध्ये ‘अर्बन काऊबॉय’ हा चित्रपट आला आणि अमेरिकेच्या शहरांतून या टोपीची लाट उसळली. लाट ओसरली, पण आकडे चढतच राहिले. आज १०० एक्स, एवढेच नव्हे तर १००० एक्सच्या टोप्याही विक्रीस आहेत. एका कंपनीचा २० एक्स दुसऱ्या कंपनीच्या ६ एक्सहून सरस असेलच असे नाही, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टोप्यांची तुलना करण्यापलीकडे या चिन्हाचा उपयोग उरलेला नाही.

कारखान्यांचा भूगोलही बदलला. स्टेट्सनचा फिलाडेल्फियातील कारखाना १९७१ मध्ये बंद पडला. आज हे नाव लावलेल्या टोप्या टेक्सासमधील गार्लंड येथे तयार होतात. हाताने टोपी घडवणारे कित्येक नावाजलेले कारागीर नमद्याची कच्ची कवचे बाहेरून मागवतात आणि त्यांतील पुष्कळशी पोर्तुगालमधील साँव जुआंव द मदैरा येथून येतात. टेक्सासच्या छोट्या शहरातल्या जुन्या दुकानातून घेतलेली टोपी अर्धी युरोपात बनलेली असू शकते, आणि म्हणून ती कमअस्सल ठरते असे मानण्याचे कारण नाही. बीव्हरची लव पूर्वीही अटलांटिक ओलांडून जात-येत होतीच.

पाहुण्याला टोपी देण्याची प्रथा याच व्यापाराची एक शाखा म्हणता येईल. कॅनडातील कॅल्गरी शहर आपल्या मान्यवर पाहुण्यांना तिथल्याच स्मिथबिल्ट कंपनीची पांढरी टोपी देते. फोर्ट वर्थमध्ये २२ नोव्हेंबर १९६३ च्या सकाळी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना काऊबॉय हॅट भेट मिळाली, ती त्यांनी सभेत घालण्याचे टाळले. त्यानंतर काही तासांतच डॅलसमध्ये त्यांची हत्या झाली. १९७९ मध्ये चीनचे नेते तंग श्याओफिंग यांनी मात्र टेक्सासमधील रोडिओत, म्हणजे घोडेस्वारी व गुरे पकडण्याच्या खेळात, ती डोक्यावर चढवली आणि ते छायाचित्र जगभर छापले गेले.

प्रवाशाच्या दृष्टीने खरा फरक दुकानातल्या सामग्रीचा आहे. चांगल्या दुकानात खळगा न पाडलेल्या, गोल क्राऊनच्या टोप्या असतात आणि वाफेचे यंत्र असते. गिऱ्हाईक समोर उभे असताना नमदा वाफेने मऊ करून क्राऊन व काठ हवा तसा वळवला जातो. काही जुन्या दुकानांत १९व्या शतकात फ्रान्समध्ये निघालेले ‘कॉन्फोर्मातर’ हे डोके मोजण्याचे यंत्र अजून वापरात आहे: उंच काळ्या टोपीसारखे ते डोक्यावर ठेवले की त्याच्या हलत्या पट्ट्या डोक्याच्या आकाराला चिकटतात आणि वरच्या कागदावर टाचण्यांनी त्या आकाराची लहान प्रतिकृती टोचली जाते. अमेरिकन मापे इंचांत असतात. ५८ सेंटिमीटर घेराच्या डोक्याला साधारण सव्वासात नंबर लागतो. हंगामाचा संकेतही पाळला जातो: मे अखेरपासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत गवती टोपी, इतर काळात नमद्याची. मेंढीच्या लोकरीचा नमदा स्वस्त असतो, पण चांगला पाऊस लागला की तो ढिला पडतो आणि आटतो. परतीच्या प्रवासात टोपी डोक्यावर घालून आणावी किंवा क्राऊनवर उलटी ठेवावी, कारण काठावर ठेवली की त्याचा बाक जातो. उन्हात उभ्या मोटारीत ती ठेवली तर आतले चामडे आटून माप बिघडते.

म्हणून एक्सचे आकडे सर्वांत शेवटी पाहावेत. आधी काठ बोटांत धरून नमदा दाट, एकसारखा आणि गुळगुळीत आहे का ते तपासावे, डोके मोजून घ्यावे, आणि ज्या दुकानात वाफेचे यंत्र नाही तेथून नमद्याची महागडी टोपी घेऊ नये.