'नाही' म्हणण्याच्या दोन तऱ्हा

मंडळी, गुण द्रव्याच्या आश्रयाने राहतात, असं वैशेषिक सांगतात. आज आपण हाच विचार संगणकाच्या इतिहासात नेऊन पाहू.

१९९१ साली मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल बेसिक आलं. संवादचौकटीवर बटण ठेवा, यादी ठेवा, मजकुराचा रकाना ठेवा. प्रत्येकाचं काम निराळं. पण जागा, रुंदी, उंची हे गुणधर्म बहुतेकांना समान. तसेच आणखी दोन : 'एनेबल्ड' आणि 'व्हिजिबल'. पहिला 'खोटा' केला की बटण फिकट होतं. दिसतं, पण दाबलं जात नाही. दुसरा 'खोटा' केला की बटण दिसतच नाही.

त्याच सुमारास बर्कली विद्यापीठात जॉन ओस्टरहाउट यांनी आपल्या टीसीएल या स्क्रिप्टभाषेसाठी टीके हा संच घडवला. तिथे 'कॉन्फिगर' या एकाच आज्ञेने घटकांचे गुण बदलता येतात. बटण फिकट करायचं, तर 'स्टेट' हा गुण आहे. लपवायचं, तर मात्र बटणाकडे तसा गुणच नाही. ते चौकटीच्या मांडणीतून काढावं लागतं. म्हणजे दिसणं हा तिथे बटणाचा गुण नव्हे, मांडणीशी असलेला संबंध!

यात काय एवढं? अर्ज भरणाऱ्याला 'अपील करा' हे बटण फिकट दिसलं, तर तो निदान विचारेल, "का बरं?" दिसलंच नाही, तर असा हक्क आहे हेच त्याला कळणार नाही. वैशेषिकांनी पुढे अभावालाही पदार्थ मानलं. पण जे असू शकतं हे ठाऊकच नाही, त्याचा अभाव जाणवणार कसा? म्हणून स्क्रिप्टमधली ही एक ओळ आपण निव्वळ तांत्रिक समजू नये.